जागचा न हललेला माणूस

ठाणे-कल्याणचे मँचेस्टरशी नाते तसे जुने आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली आगगाडी ठाण्याला पोचली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत गेले, हे आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही पाठ असते. मात्र हे रूळ घाट चढून आत न्यावेत अशी ज्यांना घाई झाली होती, त्यांत मँचेस्टरचे कापड गिरणीवाले आघाडीवर होते, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबई बंदरात लवकर आणि स्वस्तात उतरावा, एवढाच त्यांचा हिशेब. आपली माणसे त्या रुळांच्या कडेने येऊन राहिली, गिरगाव-परळच्या चाळी सोडून डोंबिवलीला स्थिरावली, हा त्या हिशेबात न धरलेला भाग.

त्याच मँचेस्टरहून शंभरेक वर्षांनी आणखी एक गोष्ट निघाली. ती रुळांवरून आली नाही आणि आली तेव्हा कोणाला दिसलीही नाही. आज डोंबिवली फास्टमध्ये दांडीला लटकलेल्या ज्या ज्या माणसाच्या खिशात मोबाइल फोन आहे, त्याच्या खिशात ती सेकंदाला हजारो वेळा चाललेली असते. संगणकाच्या स्मृतीची सारख्या आकाराची लहान लहान पाने पाडायची आणि ती गरजेप्रमाणे इकडून तिकडे हलवायची, पण वापरणाऱ्याला त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही, अशी ही युक्ती आहे. ती प्रत्यक्ष यंत्रात उतरवणाऱ्यांचा म्होरक्या म्हणजे टॉम किलबर्न. संगणक बांधणाऱ्यांच्या जगात हे नाव फार मोठे आहे. अॅलन ट्युरिंग यांच्यावर चित्रपट निघाले, त्यांचे चित्र इंग्लंडच्या नोटेवर आले. किलबर्न यांच्या वाट्याला तसले काही आले नाही. आणि गंमत अशी, की पानांना चालते करणारा हा गृहस्थ स्वतः मात्र एकदा मँचेस्टरला येऊन बसला तो कायमचा.

चिंध्यांच्या गावचा मुलगा

टॉम किलबर्न यांचा जन्म ११ ऑगस्ट १९२१ चा, यॉर्कशायरमधल्या ड्यूजबरी या गावचा. हे लोकरीचे गाव. त्यातही जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या पिंजून त्यांपासून पुन्हा कापड विणण्यासाठी प्रसिद्ध. वडील आकडेमोडीच्या कामावरचे कारकून होते आणि पायरी पायरीने चढत कंपनीचे सेक्रेटरी झाले. म्हणजे घर कारकुनी पेशाचे. नीटनेटके, काटकसरी आणि मुलाच्या अभ्यासाकडे डोळा लावून बसलेले. असे घर कसे असते हे ठाण्या-डोंबिवलीच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

शाळेचे मुख्याध्यापक गणिती निघाले. त्यांनी या मुलाची नस ओळखून त्याला लहान वयातच गणिताला वाहून घेऊ दिले. शिष्यवृत्त्या मिळवून १९४० मध्ये तो केंब्रिजला गेला. महायुद्ध पेटलेले होते, त्यामुळे अभ्यासक्रम आटोपशीर करून दोनच वर्षांत पदवी हाती पडली. गणितात पहिला वर्ग मिळवलेल्या या तरुणाला विमान चालवायचे होते. सरकारने त्याला वीज आणि इलेक्ट्रॉनिक्सचे घाईघाईने धडे दिले आणि माल्व्हर्न येथे रडारचे संशोधन चालत असे तिथे पाठवून दिले.

तिथले वरिष्ठ होते फ्रेडरिक विल्यम्स, वयाने दहा वर्षांनी मोठे. त्यांनी अनुभवी माणूस मागितला होता आणि समोर येऊन उभा राहिला एकवीस वर्षांचा नवशिका. पण चार वर्षांत दोघांची अशी जोडी जमली, की युद्ध संपल्यावर विल्यम्स जिकडे जातील तिकडे किलबर्न, हे जणू ठरूनच गेले. १९४३ मध्ये आयरीन मार्सडेन हिच्याशी त्यांचे लग्न झाले. पुढे एक मुलगा आणि एक मुलगी झाली.

विसरभोळी काच

१९४६ साली संगणक बांधू पाहणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न छळत होता. आकडेमोड करणारी मंडले तयार होती. पण आकडे आणि आज्ञा ठेवायच्या कुठे? विल्यम्स यांनी रडारच्या पडद्याकडे पाहिले. दूरचित्रवाणीच्या नळीसारखीच ती काचेची नळी. तिच्या पडद्यावर विजेचा ठिपका उमटवला, की तिथे थोडासा विद्युतभार साठतो. ठिपका एका तऱ्हेचा म्हणजे शून्य, दुसऱ्या तऱ्हेचा म्हणजे एक. अडचण एवढीच, की हा भार सेकंदाच्या अंशात ओसरून जातो. त्यावर उपाय सोपा, शाळेतल्या पाढ्यांसारखा: विसरायच्या आत वाचायचे आणि वाचले ते लगेच पुन्हा लिहायचे. उजळणी थांबली की स्मृती गेली. आजच्या संगणकातली मुख्य मेमरीही, साधन बदलले तरी, अशीच सतत उजळणी करून शाबूत ठेवली जाते.

१९४६ च्या अखेरीस विल्यम्स मँचेस्टर विद्यापीठात प्राध्यापक झाले. किलबर्न मूळच्या सरकारी संस्थेतून उसनवार त्यांच्याकडे आले. वर्षभरात त्यांनी एका नळीवर २,०४८ ठिपके टिकवून दाखवले. ही नळी खऱ्या कामाला टिकेल का, हे पाहण्यासाठी एक छोटा संगणकच बांधायचे ठरले. जेफ टूटिल यांच्या मदतीने किलबर्न यांनी तो बांधला. त्याला बेबी असे टोपणनाव पडले. त्याची सगळी स्मृती म्हणजे ३२ ओळी आणि प्रत्येक ओळीत ३२ ठिपके.

२१ जून १९४८ रोजी या बाळाने पहिले पाऊल टाकले. २,६२,१४४ या संख्येचा तिच्याहून लहान असा सर्वांत मोठा विभाजक शोधायचा होता. उत्तर १,३१,०७२, हे चौथीतला मुलगाही निम्मे करून सांगेल; पण यंत्राला एकेक संख्या तपासत यायला सांगितले होते. किलबर्न यांनी लिहिलेल्या १७ आज्ञा होत्या. यंत्र ५२ मिनिटे चालले आणि उत्तर बरोबर आले. आज्ञा आणि आकडे एकाच इलेक्ट्रॉनिक स्मृतीत ठेवून चाललेली ही जगातली पहिली आज्ञावली. पुढे मानसन्मान पुष्कळ मिळाले, तरी आयुष्यातला सर्वांत आनंदाचा काळ कोणता असे विचारले, की किलबर्न त्या जूनकडेच बोट दाखवत.

त्याच वर्षी शरद ऋतूत ट्युरिंगही मँचेस्टरला आले. त्यांचे वडील मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी होते. त्यांची लंडनमधली व्याख्याने किलबर्न यांनी आधी ऐकली होती. त्यांतून किलबर्न यांनी किती घेतले याबद्दल इतिहासकारांत वाद आहे. दोघांचे सूर फारसे जुळले नाहीत याबद्दल वाद नाही. ट्युरिंग यंत्र काय काय करू शकेल याचा विचार करीत. यंत्र उद्या सकाळी चालू होईल का, हा किलबर्न यांचा विचार. खरे तर त्यांना पुन्हा आपल्या सरकारी नोकरीवर जायचे होते. विल्यम्स यांनी आग्रह केला म्हणून ते थांबले. थांबले ते थांबलेच.

बांधीव खातेवही

बेबीचा मोठा भाऊ मार्क १ हा १९४९ मध्ये तयार झाला. नळ्यांवरची स्मृती चपळ, पण थोडी. म्हणून जोडीला एक फिरता चुंबकीय ड्रम बसवला. त्यावर पुष्कळ मावे, पण तो संथ होता. नळीवरचा ३२ ओळींचा एक गट ड्रमवर न्यायचा किंवा तिथून आणायचा. या गटाला मँचेस्टरच्या मंडळींनी नाव दिले पान. आज जगभर संगणकशास्त्रात मेमरीचे पान हा शब्द चालतो, तो तिथे असा रुळला.

आता पान कधी आणायचे, कुठे ठेवायचे आणि कोणते परत पाठवायचे, ही सारी उठाठेव आज्ञावली लिहिणाऱ्याच्या गळ्यात होती. ही कटकट काय असते ते जुन्या बँकवाल्यांना चटकन कळेल. पूर्वी बांधीव खातेवह्या असत. प्रत्येक खात्याला आधीच पाने नेमून द्यायची. एखाद्या किराणा व्यापाऱ्याची पाने महिनाभरात भरत. मग त्याचे खाते कुठेतरी दूरच्या पानावर न्यायचे आणि मागे नोंद करून ठेवायची, की पुढील पान अमुक पाहावे. उलट एखाद्या पेन्शनरीण बाईंच्या नावची पाने वर्षानुवर्षे कोरी. वहीत कोरी पाने भरपूर; पण नव्या मोठ्या खात्याला सलग दहा पाने मागितली, तर मिळायची नाहीत. मग सुट्या पानांची लेजरे आली आणि बांधणीची सक्ती गेली. पान कुठल्याही लेजरात, कितव्याही जागी असो, सूची नीट असली की झाले. खातेदाराने आपला खाते क्रमांक सांगायचा. पान शोधण्याचे काम बँकेचे.

किलबर्न यांनी संगणकाच्या बाबतीत नेमके हेच केले. बर्लिनमध्ये फ्रिट्झ-रुडॉल्फ ग्युंट्श यांनी १९५६ च्या सुमारास आपल्या प्रबंधात अशी कल्पना मांडली होती. पण कल्पना कागदावर असणे निराळे आणि तिच्यावर विद्यापीठाचे रोजचे काम चालवणे निराळे.

बत्तीस दारे, बत्तीस पाट्या

१९५६ मध्ये मँचेस्टरला एका अतिवेगवान यंत्राचे काम सुरू झाले. १९५९ मध्ये फेरांटी कंपनी त्यात सामील झाली आणि यंत्राला अॅटलास हे नाव मिळाले. ७ डिसेंबर १९६२ रोजी सर जॉन कॉकक्रॉफ्ट यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्या काळी ते जगातल्या सर्वांत समर्थ यंत्रांपैकी एक होते.

अॅटलासची जलद स्मृती १६,३८४ शब्दांची होती. तिची ५१२ शब्दांचे एक अशी ३२ पाने पाडली होती. ड्रमवर आणखी ९८,३०४ शब्द मावत. मात्र आज्ञावली लिहिणाऱ्याला सांगितले जाई, की तू खुशाल सुमारे दहा लाख शब्दांची एकच सलग स्मृती आहे असे समजून लिही. प्रत्यक्षात तेवढी जागा कुठेच नव्हती. होत्या त्या फक्त ३२ खोल्या, आणि प्रत्येक खोलीच्या दारावर पाटी, की सध्या इथे अमुक क्रमांकाचे पान राहते. आज्ञावलीने एखादे पान मागितले, की बत्तीसही पाट्या एकदम वाचल्या जात. पाटी जुळली तर काम पुढे. नाही जुळली तर आज्ञावलीला क्षणभर थांबवायचे, ड्रमवरून ते पान आणायचे, रिकाम्या खोलीत उतरवायचे आणि दारावर नवी पाटी लावायची. आज्ञावलीला वाटे, पान पहिल्यापासून तिथेच होते.

यातल्या दोन गोष्टी कोणत्याही गृहिणीला पटतील अशा आहेत. एक, अॅटलास नेहमी एक खोली रिकामी ठेवी. पाहुणा दारात आल्यावर कोणाला उठवायचे याचा विचार करत बसायचे नाही. पाहुण्याला आत घ्यायचे आणि मग पुढच्या पाहुण्यासाठी सवडीने एक खोली मोकळी करायची. दुसरी गोष्ट, कोणते पान केव्हा लागते याची यंत्र स्वतः टिपणे ठेवी आणि जे पान सर्वांत उशिरा लागेल असा अंदाज येई तेच बाहेर पाठवी. माळ्यावर काय टाकायचे आणि ओट्यावर काय ठेवायचे, हा निर्णय घरोघरी याच तत्त्वावर होतो.

डेव्ह एडवर्ड्स, मायकेल लॅनिगन आणि फ्रँक समनर या सहकाऱ्यांसह किलबर्न यांनी या रचनेवर १९६२ मध्ये लिहिलेला शोधनिबंध आजही शिकवला जातो. यातले मूळ तत्त्व एका वाक्यात सांगायचे, तर वस्तूचे नाव वेगळे आणि वस्तूची जागा वेगळी. नाव कायम ठेवले आणि जागा तात्पुरती मानली, की वस्तू मोकळी होते. गिरगावातून डोंबिवलीला आलेल्या कुळकर्ण्यांची पत्रे नवा पत्ता ठाऊक असलेल्या पोस्टमास्तरामुळे बिनबोभाट पोचत राहिली, तर पत्र पाठवणाऱ्याला स्थलांतराची खबरही लागत नाही. तसेच हे.

आणि जे हलत नाही

पण पोस्टमास्तरच रोज बिऱ्हाड बदलू लागला तर? सगळी पाने हलती ठेवायची, तर पाने हलवणारा स्वतः हलून चालत नाही. किलबर्न यांच्या चमूला हे पहिल्यापासून उमगले होते. अॅटलासची सगळी देखरेख करणारी, डेव्हिड हॉवर्थ आणि त्यांच्या साथीदारांनी लिहिलेली, पर्यवेक्षक नावाची आज्ञावली होती. तिचा मुख्य भाग एका वेगळ्या स्थिर स्मृतीत बसवला होता. तारांच्या जाळीत फेराइटच्या बारीक कांड्या खोवून ती विणलेली होती. लिहिलेले पुसायची सोयच नाही. शिवाय ड्रम किंवा चुंबकीय फीत एखाद्या पानावर मजकूर उतरवत असेल, तर तेवढा वेळ त्या पानाला कुलूप लागे. गॅसचा सिलिंडर घेऊन माणूस निघाला असताना आपण बिऱ्हाड हलवत नाही, त्यातलाच हा व्यवहार.

हाच प्रश्न आज फार मोठ्या प्रमाणावर उभा आहे. १९८५ मध्ये इंटेल कंपनीच्या ३८६ या चिपमधून पानांची ही विद्या टेबलावरच्या संगणकांत आली आणि १९९१ मध्ये त्याच चिपवर लिनस टोर्वाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने लिनक्स लिहायला घेतले. आपल्याकडच्या बहुसंख्य मोबाइल फोनांत जी अँड्रॉइड प्रणाली असते, तिच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. या गाभ्याला कर्नेल म्हणतात. लष्करातल्या कर्नलशी त्याचा संबंध नाही, पण हुकूम मात्र त्याचाच चालतो. स्मृतीचे पान सहसा ४ किलोबाइटचे असते. म्हणजे चार जीबीच्या फोनात १०,४८,५७६ पाने झाली. आपण उघडलेल्या कार्यक्रमांची पाने हलती असतात. ती फक्त सूचीच्या मार्फत ओळखली जातात. मजकूर दुसरीकडे उतरवला आणि सूचीतली एक नोंद बदलली, की काम झाले. कर्नेलच्या स्वतःच्या नोंदी, त्या सूचीची पाने आणि एखादे उपकरण परस्पर ज्यावर लिहीत आहे ती पाने मात्र अचल. त्यांचा खरा पत्ता शंभर ठिकाणी लिहून ठेवलेला असतो. रेशन कार्डापासून विम्यापर्यंत आणि शाळेपासून सासरपर्यंत ज्याने पत्ता देऊन ठेवला आहे, त्याने घर बदलायचे म्हणजे काय होते ते आपण जाणतोच.

यातून नेमकी अडचण काय होते, हे लोकलच्या प्रवाशाला सांगणे सोपे आहे. डब्यात बारा जागा रिकाम्या आहेत, पण इथे एक, तिथे एक. लग्नाला निघालेले सहा जणांचे कुटुंब चढले. त्यांना एकत्र बसायचे आहे. बाकीचे सरकायला तयार असतील, तर दोन मिनिटांत सोय होते. आपल्या गाड्यांत तर तीन जणांच्या बाकावर चौथी सीट काढण्याची परंपराच आहे. पण प्रत्येक खणात एकेक गृहस्थ असा, की तो खिडकी सोडणार नाही, तर सगळ्या डब्यात बारा जागा असूनही सहा जणांचे बसणे होत नाही. अचल माणसे थोडी असणे पुरेसे नाही; ती विखुरलेली नसणे महत्त्वाचे. तीच माणसे भजनी मंडळासारखी टाळ घेऊन एका टोकाला एकत्र बसली, तर उरलेला डबा मोकळा राहतो.

संगणकात हे लग्नाचे कुटुंब म्हणजे सलग जागा मागणारी कामे. उदाहरणार्थ, बहुतेक मोठ्या संगणकांत वेगासाठी ५१२ पाने जोडून २ मेगाबाइटचे एक महापान करतात. कॅमेऱ्यासारख्या उपकरणालाही सलग जागा हवी असते. त्या ५१२ पानांत एक जरी अचल पान घुसलेले असले, तरी महापान होत नाही. आयर्लंडचे मेल गोरमन यांनी मुख्यत्वे यावर काम केले आणि जानेवारी २००८ मध्ये निघालेल्या लिनक्सच्या आवृत्तीत पानांची प्रतवारी आली. हलणारी पाने एका गटात, न हलणारी दुसऱ्या गटात, आणि गरज पडल्यास टाकून देता येतील अशी तिसऱ्या गटात. स्मृतीचे मोठे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावर त्या गटाची खूण करायची. अचल पानांची जागा संपली आणि हलत्यांच्या भागात शिरावेच लागले, तर एकेक पान उचलत घरभर पसरायचे नाही. जमेल तेवढा मोठा तुकडा एकदम मागून घ्यायचा. घरात पाहुणे राहायला आले, तर त्यांना एक खोली द्यावी, प्रत्येक खोलीत एकेक खाट टाकू नये, हे आपल्या दोन खोल्यांच्या संसारात मुरलेले शहाणपण आहे.

२०१० मध्ये त्यापुढची पायरी आली. सलग जागा कमी पडली, की कर्नेल दोन टोकांकडून दोन शोधक पाठवतो. एक खालून वर हलती पाने गोळा करत येतो, दुसरा वरून खाली रिकाम्या जागा हुडकत येतो. दोघांची गाठ पडेपर्यंत पाने उचलून त्या जागांत बसवली जातात आणि खालच्या बाजूला सलग मोकळे मैदान तयार होते. हे सगळे आपण फोनवर नातवंडांचे फोटो पाहत असताना चाललेले असते. फोन क्षणभर अडखळल्यासारखा वाटतो, तेव्हा कधी कधी आत अशीच आवराआवर चालू असते.

खुंटा

अॅटलास तयार होत होते त्याच सुमारास, १९६० मध्ये, मुंबईत होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी बनावटीचा संगणक काम करू लागला होता. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे टिफ्रॅक असे नामकरण केले. त्याची स्मृती २,०४८ शब्दांची होती. अॅटलासच्या चार पानांएवढी. पण ती आपल्या माणसांनी आपल्या हातांनी बांधलेली होती. त्या पिढीत परदेशी जाऊन येणे आणि जाऊन न येणे, या दोन्ही गोष्टी आपल्याकडे फार झाल्या. प्रत्येक घरात त्यावर चर्चा झडल्या, काही घरांत अजून झडतात.

किलबर्न यांच्यापुढे जग मोकळे होते. ते मँचेस्टरलाच राहिले. १९६० मध्ये प्राध्यापक झाले, १९६४ मध्ये त्यांनी ब्रिटनमधला पहिला संगणकशास्त्र विभाग काढला आणि दीड दशकाहून अधिक काळ तो सांभाळला. अॅटलासनंतर एमयू ५ हे यंत्र बांधले. मोजके बोलणारा, कामात कडक, पण हाताखालच्या माणसाला पुढे करणारा असा त्यांचा लौकिक होता. १९६५ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि १९७८ मध्ये रॉयल पदक मिळाले. सुटीत कुटुंबाला घेऊन ते ब्लॅकपूलच्या समुद्रावर जात; पण मँचेस्टर युनायटेडच्या फुटबॉल हंगामातल्या पहिल्या सामन्याला परत हजर. त्यात कधी खंड नाही.

या काळात त्यांच्याभोवतीचे सगळे हलत राहिले. विल्यम्स संगणक सोडून विद्युत यंत्रांच्या संशोधनाकडे वळले, ट्युरिंग १९५४ मध्येच गेले, विद्यार्थी जगभर पांगले. ज्या अॅटलाससाठी इतका खटाटोप केला, ते यंत्रही १९७१ मध्ये बंद करून मोडीत निघाले. त्या जागी राहिलेला माणूस एकच. गोठ्यात खुंटा हलत नाही म्हणून दावणीची गुरे आपापल्या जागी असतात. तसा एखादा माणूस संस्थेत असावा लागतो. तो आहे तोवर त्याची आठवण होत नाही, इतकेच. मात्र असा माणूस अचल राहतो तेव्हा त्याचीही काही किंमत मोजली जाते. स्थिर राहणाऱ्याच्या वाट्याला नावलौकिक कमी येतो, आणि घरच्यांच्या वाट्याला तो माणूसही थोडाच येतो.

१९८१ मध्ये किलबर्न निवृत्त झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयरीन गेल्या. अडतीस वर्षांचा संसार निवृत्तीच्या उंबरठ्यावर संपला. ज्या दिवसांसाठी माणूस कामे पुढे ढकलत जातो, ते दिवस आले तेव्हा सोबतीचे माणूस नव्हते. आपल्याकडेही लोकलच्या वेळापत्रकावर तीस-पस्तीस वर्षे काढलेल्या किती जोडप्यांच्या नशिबी हेच आले, ते वाचकांनी आपापल्या ओळखीत आठवून पाहावे. त्यानंतरही किलबर्न यांनी मँचेस्टर सोडले नाही.

१९९८ मध्ये बेबीला पन्नास वर्षे झाली, तेव्हा तिची हुबेहूब प्रतिकृती बांधून मँचेस्टरच्या विज्ञान संग्रहालयात चालू करण्यात आली. सत्त्याहत्तरीला आलेले किलबर्न त्या सोहळ्याला उपस्थित होते. त्याच हिरव्या ठिपक्यांचा पडदा पुन्हा लुकलुकताना त्यांनी पाहिला. १७ जानेवारी २००१ रोजी मँचेस्टरमध्येच त्यांचे निधन झाले. विद्यापीठातल्या संगणकशास्त्राच्या इमारतीला आता किलबर्न बिल्डिंग म्हणतात.

आपल्या ठाण्या-डोंबिवलीतल्या घराघरांतून संगणकाचे शिक्षण घेतलेली मुले आज बंगळुरूपासून कॅलिफोर्नियापर्यंत गेली आहेत. त्यांतल्या बहुतेकांनी अभ्यासक्रमात हे पानांचे प्रकरण कधीतरी वाचलेले असते. मुले रविवारी घरी फोन करतात, आईवडील त्याच घरात, त्याच खुर्चीत बसून तो घेतात, आणि दोन्ही टोकांच्या यंत्रांत पाने निमूटपणे जागा बदलत असतात. ती हरवत नाहीत, कारण सूची एका जागी पक्की असते.